तेल मुंबईच्या समुद्रात, मग रॉयल्टी महाराष्ट्राला का मिळत नाही? मुंबई हाय आणि महाराष्ट्राचं नातं समजून घ्या

पेट्रोलचे दर वाढले की एक मेसेज हमखास व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. ‘मुंबई हायचं तेल महाराष्ट्राचं, पैसा मात्र दिल्लीचा. गुजरातला रॉयल्टी मिळते, आसामला मिळते, आपल्यालाच का नाही?’ खाली दोन-चार संतापलेले इमोजी आणि ‘प्रत्येक मराठी माणसाने शेअर करा’.

या मेसेजमध्ये थोडं खरं आहे, थोडं अर्धवट आहे आणि महत्त्वाचं बरंचसं त्यात नाहीच. मुंबई हाय महाराष्ट्राच्या शेजारी आहे, पण महाराष्ट्रात नाही. या एका वाक्यावर सगळं गणित उभं आहे. ते नीट बघूया.

मुंबई हाय नेमकं आहे कुठे?

मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात. तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. नावातल्या ‘हाय’चा अर्थ उंचवटा. समुद्रतळाच्या खाली खडकांचे थर घुमटासारखे वर आलेले आहेत, म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ‘हाय’ म्हणतात. त्या उंचवट्यातल्या चुनखडीच्या खडकात तेल आणि गॅस अडकून राहिला.

१९६० च्या दशकात ‘अकॅडेमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून रशियन आणि भारतीय तज्ज्ञांनी खंभातच्या आखातात आणि मुंबईच्या समुद्रात सर्वेक्षण केलं, तेव्हा या उंचवट्याचा पत्ता लागला. पण समुद्रात विहीर खोदायला लागणारं यंत्र आपल्याकडे नव्हतं. ‘सागर सम्राट’ ही तरंगत नेऊन पाय रोवून उभी करता येणारी रिग जपानमध्ये बांधून घेतली गेली. १९७४ च्या जानेवारीअखेर खोदकाम सुरू झालं आणि फेब्रुवारीत तेल लागलं. मे १९७६ मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झालं.

त्याआधी, १९७३ मध्ये, अरब देशांनी तेलपुरवठा आवळला होता आणि जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला नेमकं त्याच वेळी घरचं तेल सापडलं. म्हणून एक रुपयाच्या नोटेवर ‘सागर सम्राट’चं चित्र आलं. जुनी नोट जपून ठेवली असेल तर उलटून बघा.

१९८० च्या दशकात इथून दिवसाला साडेचार लाख बॅरलपेक्षा जास्त तेल निघत होतं. आज हे क्षेत्र म्हातारं झालंय. २०२४ मध्ये उत्पादन रोज १ लाख ३४ हजार बॅरलच्या आसपास होतं. ते वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक भागीदार म्हणून निवड केली.

आजूबाजूला आणखीही क्षेत्रं आहेत. हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना अशी रत्नांची नावं त्यांना दिली आहेत. गॅसचं सगळ्यात मोठं क्षेत्र मात्र ‘साउथ बसीन’. बसीन म्हणजे आपली वसई.

मग महाराष्ट्राच्या जमिनीत तेल का नाही?

सारोळ्याचं उदाहरण घ्या. भोर तालुक्यातलं, पुणे-सातारा महामार्गावरचं हे गाव. नीरा नदीवरचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा. इथे आजूबाजूला जो काळा कातळ दिसतो तो बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि थंड होऊन हा खडक बनला. महाराष्ट्राचा बहुतांश भाग याच दगडाखाली झाकलेला आहे.

तेल तयार होतं ते समुद्राच्या किंवा तळ्यांच्या गाळात गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जिवांपासून. लाव्हात ते तयार होत नाही. बेसाल्टच्या खाली जुना गाळाचा खडक कुठे असलाच, तरी इतक्या जाड कातळातून त्याचा अंदाज घेणं अवघड. त्यामुळे महाराष्ट्राच्या जमिनीवर व्यापारी तेल उत्पादन होत नाही. राज्याचा तेलाशी संबंध आहे तो शेजारच्या समुद्रामुळे.

समुद्र कोणाचा? राज्याचा की केंद्राचा?

सगळ्या वादाचं मूळ संविधानाच्या कलम २९७ मध्ये आहे.

१९५० च्या मूळ संविधानातच लिहिलं होतं की भारताच्या प्रादेशिक समुद्राखालची जमीन, खनिजं आणि इतर मौल्यवान वस्तू केंद्राच्या मालकीच्या असतील. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात ‘सागरमग्न खंडभूमी’ जोडली गेली. म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेला जमिनीचा उथळ भाग. १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्रातली साधनसंपत्तीही केंद्राकडे गेली.

आता अंतरं बघा. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैल, म्हणजे ३७० किलोमीटर. मुंबई हाय १६० किलोमीटरवर आहे. ते प्रादेशिक समुद्राच्या कितीतरी बाहेर, पण आर्थिक क्षेत्राच्या आत आहे. कोणत्याही मोजमापाने ते केंद्राचंच ठरतं. आणि १२ मैलांच्या आत तेल सापडलं असतं, तरी ते केंद्राचंच झालं असतं.

दुसरी गोष्ट, तेलक्षेत्रांचं नियमन हा विषय संविधानाच्या केंद्रसूचीत आहे, नोंद ५३. म्हणजे तेलाबद्दल कायदा संसदच करणार. फरक आहे तो मालकीचा. तेल जमिनीवर सापडलं तर खोदकामाचा पट्टा राज्य सरकार देतं (केंद्राच्या पूर्वपरवानगीने) आणि रॉयल्टी राज्याला जाते. तेल समुद्रात सापडलं तर पट्टाही केंद्राचा आणि रॉयल्टीही केंद्राची.

गुजरात आणि आसामला रॉयल्टी मिळते ती कशी?

त्यांचं तेल जमिनीवर आहे म्हणून.

आसाममध्ये दिग्बोईला १८८९ मध्ये तेल लागलं. गुजरातेत खंभातजवळ १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये. राजस्थानात बाडमेरजवळचं ‘मंगला’ क्षेत्र २००४ मध्ये सापडलं आणि २००९ मध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं. ही सगळी क्षेत्रं त्या-त्या राज्याच्या हद्दीत आहेत.

सोपं गणित करू. सरकारने पूर्वी ओएनजीसीला थेट नेमून दिलेल्या जुन्या क्षेत्रांमध्ये कच्च्या तेलावरच्या रॉयल्टीचा दर जमिनीवर २० टक्के आणि उथळ समुद्रात १० टक्के आहे. समजा विहिरीच्या तोंडाशी १०० रुपयांचं तेल निघालं. ते अंकलेश्वरला निघालं तर २० रुपये गुजरात सरकारला. मुंबई हायला निघालं तर १० रुपये केंद्राला आणि महाराष्ट्राला शून्य. याशिवाय या जुन्या क्षेत्रांच्या तेलावर २० टक्के उपकर असतो, तो दोन्हीकडे केंद्राचाच.

म्हणजे ‘गुजरातला मिळते, आपल्याला नाही’ हे खरं, पण ‘गुजरातला झुकतं माप’ हे चूक. गुजरातच्या समुद्रातल्या तेल-गॅसची रॉयल्टी गुजरातलाही मिळत नाही. आंध्र प्रदेशातही कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या समुद्री गॅसवरून असाच वाद झाला.

आणि रॉयल्टी मिळाली म्हणजे सगळे खूश, असंही नाही. १९८० च्या सुमारास आसाम आंदोलनात तेल राज्याबाहेर जाऊ न देण्यासाठी नाकेबंदी झाली होती. ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ ही तिथली घोषणा होती. तेल आमचं आणि कारखाने बाहेर, ही त्यांची तक्रार होती.

रॉयल्टी नाही, मग महाराष्ट्राला मिळालं काय?

पैशाऐवजी महाराष्ट्राला उद्योग मिळाले.

मुंबई हायचं तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनने रायगड जिल्ह्यातल्या उरणला येतो. तिथे ओएनजीसीचा मोठा प्रकल्प आहे. तिथून कच्चं तेल ट्रॉम्बे-माहुलच्या दोन रिफायनऱ्यांकडे जातं. या रिफायनऱ्या मुंबई हायच्या आधीच्या. १९५० च्या दशकात एस्सो (तेव्हाची स्टॅनव्हॅक) आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांनी त्या आयात तेलावर चालवण्यासाठी उभारल्या होत्या. १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण झालं आणि त्या अनुक्रमे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाल्या.

गॅसमुळे रायगड जिल्ह्याचा चेहरा बदलला. उरणला राज्य वीज मंडळाचं गॅसवर चालणारं वीज केंद्र उभं राहिलं, क्षमता ६७२ मेगावॅट. अलिबागजवळ थळला आरसीएफचा युरियाचा कारखाना आला. उसरला गेलचा एलपीजी प्रकल्प आणि नागोठण्याला आयपीसीएलचं पेट्रोकेमिकल संकुल, जे आता रिलायन्सकडे आहे. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या रिक्षा-टॅक्सी, बस आणि स्वयंपाकघरांपर्यंत पाइपने गॅस पोचला.

याशिवाय रोजची कामं आहेतच. जुहूहून हेलिकॉप्टरने कामगार प्लॅटफॉर्मवर जातात, न्हावा बंदरातून सामान जातं. जहाजं, दुरुस्ती, डायव्हिंग, खानपान, हिशेब अशा कामांवर हजारो घरं चालतात.

पण इथेही एक ‘पण’ आहे. साउथ बसीनचा गॅस, ज्याला वसईचं नाव आहे, तो मोठ्या प्रमाणात सुरतजवळच्या हजिराला उतरतो. तिथून निघालेल्या हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइनने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या खत आणि वीज प्रकल्पांना गॅस पुरवला. केंद्राचा युक्तिवाद साधा होता. गॅस देशाचा आहे आणि खताची गरज उत्तरेतल्या शेतीलाही आहे. दुसरीकडे, उत्पादन घटल्यामुळे उरणचं वीज केंद्र पुरेशा गॅसअभावी पूर्ण क्षमतेने चालत नाही.

गॅस कुठे उतरवायचा आणि कोणाला किती द्यायचा, हे निर्णय केंद्राच्या हातात असतात. रॉयल्टीइतकीच ही गोष्टही महत्त्वाची आहे, पण तिच्यावर मेसेज फिरत नाहीत.

सारोळ्याजवळच्या पंपावरचं पेट्रोल मुंबई हायचं असतं का?

थोडंफार असू शकतं, पण वेगळं ओळखता येणार नाही.

मुंबईच्या रिफायनऱ्यांमध्ये तयार झालेलं पेट्रोल-डिझेल पाइपलाइनने लोणी काळभोरला येतं. पुणे परिसरातल्या पंपांना टँकर प्रामुख्याने तिथल्या डेपोंतून जातात. रिफायनरीत मात्र मुंबई हायचं तेल आणि आखाती देशांतून किंवा इतर ठिकाणांहून आलेलं तेल अशी दोन्ही प्रक्रिया होतात. भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. त्यामुळे टाकीत पडणाऱ्या लिटरचा मोठा हिस्सा परदेशी असतो.

आणि ‘आपलं’ तेल म्हणून ते स्वस्तही मिळत नाही. देशातल्या तेलाचे भावही आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडलेले आहेत.

राज्याला पैसा मिळतो तो याच टप्प्यावर. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत नाहीत, त्यामुळे राज्य त्यांच्यावर व्हॅट लावतं. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रभर पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अतिरिक्त, तर डिझेलवर २१ टक्के असे दर लागू झाले. पेट्रोलियम पदार्थांच्या विक्रीकरातून सर्वाधिक महसूल मिळवणाऱ्या राज्यांमध्ये महाराष्ट्र आघाडीवर आहे.

यातली मेख लक्षात घ्या. गुजरातला तेल निघतं म्हणून पैसा मिळतो. महाराष्ट्राला तेल जळतं म्हणून. पहिल्यात पैसा तेल काढणाऱ्या कंपनीकडून येतो, दुसऱ्यात तो दुचाकीस्वार, टेम्पोवाला आणि ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी यांच्या खिशातून येतो.

‘केंद्राचा पैसा शेवटी राज्यांनाच परत मिळतो ना?’

हा युक्तिवाद कमेंटमध्ये नेहमी दिसतो. तो अर्धाच बरोबर आहे.

केंद्राच्या करांमधला वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीने राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी तो ४१ टक्के ठरवला आणि त्या रकमेत महाराष्ट्राचा हिस्सा साधारण ६.३ टक्के होता. पण हे वाटप करांचं असतं. रॉयल्टी कायद्याने करेतर महसूल मानली जाते. उपकर आणि अधिभारही वाटपात येत नाहीत. त्यामुळे समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी असो की तेलावरचा उपकर, ते पैसे राज्यांमध्ये वाटायच्या पिशवीत पडतच नाहीत. ना महाराष्ट्रासाठी, ना बिहारसाठी.

राज्याची तक्रार इथे सगळ्यात भक्कम आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते.

जोखीम कोणाच्या वाट्याला येते?

समुद्र केंद्राचा असला तरी दुर्घटनेची झळ किनाऱ्याला बसते.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या महापुरातून मुंबई सावरलीही नव्हती. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतीचं जहाज धडकलं आणि भीषण आग लागली. बेपत्ता धरून २२ जणांचा जीव गेला. प्लॅटफॉर्म पूर्ण नष्ट झाला.

३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या प्रकल्पात आग लागली, चौघांचा मृत्यू झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात ‘पी-३०५’ हा कामगारांचा बार्ज बुडाला. तो आणि ‘वरप्रदा’ ही टग नौका मिळून ८६ जण गेले. बार्जवरचे बरेचसे जण कंत्राटी कामगार होते, देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून आलेले.

मच्छीमारांचा प्रश्न वेगळा. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, तिथे मासेमारीला बंदी. नव्या तेलाच्या शोधासाठी भूकंपीय सर्वेक्षण चालतं तेव्हा बोटींना बाजूला व्हावं लागतं. ऐन हंगामात हे झालं की नुकसानभरपाईचा वाद उभा राहतो. पालघर-डहाणूच्या किनाऱ्यावर हा वाद अनेकदा पेटला आहे.

इतर देशांत काय करतात?

मालकी कोणाची आणि पैसा कोणाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात. अनेक देशांनी ते केलंय.

कॅनडा : न्यूफाउंडलंड प्रांताजवळच्या समुद्रात तेल सापडलं. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते केंद्राचं असल्याचा निकाल दिला. म्हणजे प्रांत कोर्टात हरला. पण पुढच्याच वर्षी राजकीय करार झाला आणि तेल जणू जमिनीवरच आहे असं धरून प्रांताला महसूल मिळायला लागला.

अमेरिका : १९५३ च्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ राज्यांना दिला. टेक्सास आणि फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्याला त्याहून जास्त. त्यापुढचा समुद्र केंद्राचा. पण २००६ च्या कायद्याने मेक्सिकोच्या आखातातल्या काही क्षेत्रांच्या उत्पन्नातला ३७.५ टक्के वाटा लुइझियाना, टेक्सास, मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांना मिळू लागला. त्यावर वार्षिक मर्यादा आहे.

नायजेरिया : तेल जिथून निघतं त्या राज्याला त्यातल्या महसुलाचा किमान १३ टक्के वाटा द्यायचा, असं तिथलं संविधान सांगतं. २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समुद्रातलं तेल यात धरायला नकार दिला. मग २००४ मध्ये कायदा झाला की पाण्याची खोली २०० मीटर असेल तिथपर्यंतचं तेल किनाऱ्यावरच्या राज्याचं धरावं. हा नियम आपल्याकडे असता, तर ७५ मीटर खोलीच्या मुंबई हायमध्ये महाराष्ट्राला वाटा मिळाला असता.

तिन्ही ठिकाणी राज्यांना पैसा मिळाला तो संसदेतून किंवा वाटाघाटीतून. कॅनडा आणि नायजेरियात तर कोर्टात हरल्यानंतर.

दुसरी बाजूही आहे

महाराष्ट्राला वाटा का देऊ नये, याचीही कारणं आहेत आणि ती हलकी नाहीत.

मुंबई हाय शोधण्याचा आणि विकसित करण्याचा खर्च सगळ्या देशाच्या तिजोरीतून झाला. त्या समुद्राचं रक्षण नौदल आणि तटरक्षक दल करतं. समुद्राचं उत्पन्न किनाऱ्यावरच्या राज्यांना दिलं, तर समुद्र नसलेल्या मध्य प्रदेश किंवा बिहारने काय करायचं? आणि आधीच श्रीमंत असलेल्या राज्याला आणखी पैसा मिळाला तर दरी वाढणार नाही का?

म्हणून ‘सगळं तेल आमचं’ ही मागणी टिकणारी नाही. पण ‘जोखीम आणि पायाभूत सुविधांचा भार आम्ही उचलतो, त्यामुळे ठरावीक वाटा द्या’ किंवा ‘समुद्री रॉयल्टी सगळ्या राज्यांच्या वाटपात आणा’ या मागण्यांवर बोलणी होऊ शकतात. दुसऱ्या मागणीला तर इतर राज्यांचाही पाठिंबा मिळू शकतो.

फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा

‘मुंबई हाय महाराष्ट्राचं आहे.’ नाही. कलम २९७ प्रमाणे ते केंद्राचं आहे.

‘महाराष्ट्राला रॉयल्टी मिळत नाही.’ खरं आहे. समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी कोणत्याच राज्याला मिळत नाही.

‘महाराष्ट्राला काहीच मिळत नाही.’ खोटं. उद्योग, रोजगार, गॅस आणि विक्रीकर मिळतो. पण विक्रीकर ग्राहक भरतो, तेल कंपनी नाही.

‘रॉयल्टी वित्त आयोगातून परत मिळते.’ खोटं. रॉयल्टी वाटपात येत नाही.

‘हे बदलताच येणार नाही.’ हेही खोटं. मालकी बदलायला घटनादुरुस्ती लागेल. पण उत्पन्नात वाटा द्यायला मालकी बदलण्याची गरज नाही, संसदेची इच्छा पुरेशी आहे. मुंबई हायचं उत्पादन दरवर्षी घटत असताना हा प्रश्न जितका लांबेल, तितकं वाटायला कमी उरेल.